ज्यांचा नाताळ अजून आलेला नाही

शास्त्रपाठ : हबक्कूक २:१-३; लूक २:२२-३८; याकोब ५:७-८



काही वर्षांपूर्वीची डिसेंबरातली एक संध्याकाळ माझ्या मनातून जात नाही. हैदराबादेत आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांची एक लहानशी प्रार्थना सभा आहे. यातली बरीच घरे मूळची मराठवाड्याची. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता; नोकरीनिमित्त वाडवडील इथे आले आणि इथलेच झाले. त्या वर्षी आम्ही दहाबारा जण नाताळची गाणी गात घरोघर निघालो होतो. डिसेंबरचा पहिलाच आठवडा होता. काचीगुड्याच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या एका मावशींच्या दारी पोहोचलो. डफ वाजला, टाळ्या वाजल्या, आनंदाची तीन गाणी झाली. मावशींनी सर्वांना चहा दिला. निघताना त्या मला हळूच म्हणाल्या, "दादा, गाणी फार गोड झाली. पण माझा नाताळ अजून आला नाही हो."

त्यांचा एकुलता एक मुलगा आखाती देशात कामाला गेला होता आणि सात महिने त्याचा काही निरोप नव्हता. हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. दर रविवारी आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थनाही करत होतो. पण त्या संध्याकाळी ते कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. आनंदाच्या घाईत आम्ही त्यांचे दुःख ओलांडून पुढे गेलो होतो.

तेवढ्यात माझी नजर मेजावर गेली. हिरव्या पानांचे एक कडे आणि त्यात चार मेणबत्त्या. एक थोडी जळलेली, तीन कोऱ्या. मी विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, "हे शेजारच्या अक्कांनी ठेवले आहे. त्या कॅथोलिक आहेत. दर रविवारी संध्याकाळी येतो म्हणाल्या. परवा आल्या, एक मेणबत्ती लावली आणि दहा मिनिटे माझ्याजवळ बसल्या. बोलल्या काही नाहीत."

मला लाज वाटली. आम्ही दहाबारा जणांनी गाऊन जे केले नाही, ते त्या एका बाईने नुसते बसून केले होते.

मग मी त्या कड्याविषयी माहिती करून घेतली. कॅथोलिक मंडळी नाताळापूर्वीचे चार रविवार आगमनकाळ म्हणून पाळते. या दिवसांत त्यांचे धर्मगुरू जांभळा झगा घालतात. वेदीवरची फुले बेताची असतात. देवदूतांनी गायिलेले गौरवगीत या रविवारच्या उपासनेत गात नाहीत. ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. तिसऱ्या रविवारी मात्र गुलाबी रंग वापरतात. रात्र संपलेली नाही, पण पूर्वेकडे थोडे फटफटू लागले आहे, अशी ती खूण म्हणता येईल. १६ डिसेंबरपर्यंत त्यांचे पाठ मुख्यतः प्रभूच्या दुसऱ्या येण्याविषयी असतात आणि १७ तारखेपासून बेथलेहेमकडे वळतात. मरियेविषयीच्या त्यांच्या काही समजुती आपल्याला मान्य नाहीत, हे खरे. पण एक गोष्ट त्यांनी जपून ठेवली आहे : ते आनंदाला थोडे थांबवून धरतात. त्या थांबण्यात, ज्यांच्या घरी अजून अंधार आहे त्यांना बसायला जागा मिळते.

आता एक नवल सांगतो. ते मेणबत्त्यांचे कडे मुळात आपल्याच घरचे आहे. जर्मनीतील हँबुर्ग येथे योहान हिनरिख विखर्न नावाच्या लूथरन सेवकाने गरीब मुलांसाठी एक आश्रयगृह चालवले होते. तिथली मुले रोज विचारत, "नाताळ आला का? अजून किती दिवस?" त्यांना समजावे म्हणून विखर्न यांनी १८३९ साली लाकडाचे एक चाक टांगले; आठवड्यातल्या दिवसांसाठी लहान मेणबत्त्या आणि रविवारांसाठी चार मोठ्या. रोज एक दिवा वाढत जाई. पुढे विसाव्या शतकात ही प्रथा कॅथोलिक मंडळीतही रुजली. निराधार मुलांच्या प्रश्नातून निघालेला तो दिवा शेजारणीच्या हाताने पुन्हा आपल्या घरी आला होता. आपल्याही अनेक मंडळ्यांच्या उपासनापुस्तकांत आगमनाचे चार रविवार आहेत. ते छापलेले असतात. आपण पाळतो किती?

आता शास्त्राकडे वळू. लूक लिहितो की यरुशलेमात शिमोन नावाचा मनुष्य इस्राएलाच्या सांत्वनाची वाट पाहत होता. हन्ना ८४ वर्षांची विधवा. लग्नानंतर अवघी सात वर्षे संसार झालेली. ती मंदिर सोडून जात नसे. जगाच्या दृष्टीने या दोघांच्या हाती काही लागले नव्हते. देवाने वचन दिले होते, पण दिवस सांगितला नव्हता. मंदिरात किती तान्ही बाळे आली आणि गेली असतील! तरी त्यांची दृष्टी मेली नाही. म्हणूनच एक गरीब जोडपे पारव्यांचे अर्पण घेऊन आले, तेव्हा ज्यांना शास्त्र तोंडपाठ होते त्यांनी नव्हे, तर वाट पाहणाऱ्यांनी बाळाला ओळखले. वाट पाहणे म्हणजे रिकामे बसणे नव्हे. हबक्कूकाप्रमाणे बुरुजावर उभे राहणे, डोळे उघडे ठेवणे, हेच वाट पाहणाऱ्याचे काम.

हे काम किती कठीण आहे ते बर्लिनच्या टेगेल तुरुंगात दोघांनी अनुभवले. एक लूथरन पाळक, दीट्रिख बोनहॉफर. दुसरे कॅथोलिक धर्मगुरू, आल्फ्रेड डेल्प. दोघेही हिटलरच्या राजवटीचे विरोधक. १९४३ च्या नोव्हेंबरात बोनहॉफर यांनी तिथून मित्राला लिहिले की कोठडी आणि आगमनकाळ यांचे साम्य आहे. माणूस आत आशा धरून बसतो, पण दार बाहेरूनच उघडते. पुढच्या वर्षी डेल्प तिथे होते. हातांत बेड्या असतानाच त्यांनी कागदाच्या तुकड्यांवर आगमनकाळाची चिंतने लिहिली. आपली संन्यस्त संस्था सोडली तर सुटका होईल, असे त्यांना सुचवण्यात आले होते. त्यांनी नाकारले आणि ८ डिसेंबर १९४४ रोजी तुरुंगातच आपली अखेरची व्रते घेतली. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांना फाशी झाली. कॅथोलिक पंचांगात तो दिवस बाळ येशूला मंदिरात आणल्याचा, म्हणजे शिमोनाला त्याची वाट फळास आल्याचा दिवस आहे! बोनहॉफर यांनाही ९ एप्रिलला फाशी झाली. कोठडीचे दार दोघांनाही सुटकेसाठी उघडले नाही. मग त्यांचा विश्वास फुकट गेला का? नाही. ज्या दाराची ते वाट पाहत होते ते तुरुंगाच्या दारापेक्षा मोठे होते, आणि त्याची किल्ली प्रभूच्या हाती होती.

जे आपल्याला हवे आहे ते आपल्या आतून निर्माण होत नाही. ते बाहेरून, वरून येते. आपल्यापैकी पुष्कळांनी मेदकचे मोठे मंदिर पाहिले आहे. दुष्काळाच्या दिवसांत चार्ल्स पॉसनेट या मिशनऱ्यांनी भुकेल्या लोकांना काम आणि अन्न देत ते बांधायला घेतले. १९१४ पासून दहा वर्षे काम चालले आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे समर्पण झाले. तिथे रंगीत काचांच्या तीन मोठ्या खिडक्या आहेत. एकीत प्रभूचा जन्म आहे. ती १९४७ साली बसवली. मंदिर उभे राहिल्यानंतर लोकांनी आणखी तेवीस वर्षे वाट पाहिली. रात्री आत बसलात तर त्या काचेत काही दिसत नाही. बाळ तिथेच असते, गव्हाणी तिथेच असते. बाहेरून सूर्याचा उजेड आला की ती दिसू लागतात. बंधुभगिनींनो, ज्या घरी आज अंधार आहे, तिथेही प्रभू नाही असे नाही. उजेड यायचा आहे.

मग आपण काय करायचे? याकोब शेतकऱ्याकडे बोट दाखवतो. मराठवाड्यातला शाळू डोळ्यांपुढे आणा. दसऱ्याच्या आसपास पेरणी होते, मग पाऊस थांबतो. डिसेंबरात वर कोरडे आभाळ असते, तरी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ते पीक उभे राहते. शेतकरी कणीस ओढून बाहेर काढत नाही. पण तो घरी झोपूनही राहत नाही, पाखरे राखतो. विश्वासाचे असेच आहे. पूर्वी ऐकलेले वचन काळजात मुरलेले असते. कोरड्या दिवसांत त्याच ओलीवर उभे राहायचे असते.

रविवार शाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. यंदा पुठ्ठ्याचे एक चाक करा, त्यावर चार मेणबत्त्या लावा. दर रविवारी मुलांना विचारा : आपल्या ओळखीचे कोण कशाची वाट पाहत आहे? कोणाचे वडील दवाखान्यात असतील, कोणाच्या ताईला नोकरी नसेल. त्यांच्यासाठी मुलांनीच प्रार्थना करावी. गीतगायनाची फेरी बंद करा असे मी म्हणत नाही. पण दारात गाण्यापूर्वी घरात कोण कसे आहे ते विचारावे. गरज असेल तर एक गाणे कमी म्हणावे आणि दहा मिनिटे जास्त बसावे.

त्या वर्षी तिसऱ्या रविवारी आम्ही चौघे मावशींकडे गेलो. अक्का आल्या, तिसरी मेणबत्ती लागली. आम्ही १३० वे स्तोत्र वाचले आणि गप्प बसलो. २५ डिसेंबरलाही निरोप आला नव्हता. तरी मावशी उपासनेला आल्या आणि शेवटपर्यंत बसल्या. मुलाचा निरोप पुढे एप्रिलात आला. पण सर्वच घरी निरोप येतो असे नाही, हे मी जाणतो. ज्यांचा निरोप या आयुष्यात येणारच नाही, त्यांच्यासाठीही आगमनकाळ आहे. जो एकदा गव्हाणीत आला तो पुन्हा येणार आहे, आणि तो येईल तेव्हा एकही डोळा ओला राहणार नाही. तोवर त्यांना एकट्याने वाट पाहू देऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या घाईची आम्हाला क्षमा कर. जे अंधारात तुझी वाट पाहत आहेत त्यांच्याजवळ बसायला आम्हाला शिकव. तू येशील तेव्हा आमचे दिवे लागलेले असोत. येशूच्या नावाने मागतो. आमेन.