पुसली जाणारी चूक आणि उरणारा हेतू

घडून गेलेले कृत्य न घडलेले करता येते काय, हा प्रश्न भारतीय धर्मचिंतनात कर्म आणि प्रायश्चित्त यांच्या चर्चेतून वारंवार पुढे आलेला आहे. अलीकडच्या काही व्हिडिओ गेमनी तो एका निराळ्या वाटेने पुन्हा उपस्थित केला असून, ज्या खेळांत खेळणाऱ्याला काळ मागे फिरवून आधीची हालचाल रद्द करता येते, त्या खेळांत कृत्य आणि त्याचा परिणाम यांमधला अटळ मानला गेलेला दुवा तात्पुरता का होईना, तुटलेला दिसतो. अशा खेळांपैकी ‘पीकी ब्लाइंडर्स : मास्टरमाइंड’ याचा विचार तत्त्वज्ञानाच्या अंगाने करण्याजोगा आहे, कारण त्यात काळ उलटवण्याची सोय गुन्ह्याच्या कथेला जोडलेली आहे. आणि ज्या निकषांवर त्याची परीक्षा करायची, ते निकष घडवणाऱ्या बौद्ध, जैन आणि वैदिक परंपरांच्या खुणा छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात, म्हणजे अजिंठा, वेरूळ आणि पैठण येथे, एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत.

हा खेळ ब्रिटनमधील फ्युचरलॅब या संस्थेने तयार केला आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये तो प्रसिद्ध झाला. स्टीव्हन नाइट यांनी निर्माण केलेली मूळ दूरचित्रवाणी मालिका बीबीसीवर 2013 मध्ये सुरू झाली, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्मिंगहॅम शहरातील शेल्बी कुटुंबाची गुन्हेगारी टोळी हा तिचा विषय होता. खेळाचे कथानक मालिकेच्या आरंभापूर्वी घडते. खेळणारा टॉमी, आर्थर, जॉन, एडा, पॉली आणि फिन या पात्रांना आळीपाळीने हलवतो: लहानगा फिन अरुंद खिडकीतून आत शिरतो, एडा पोलिसाचे लक्ष वेधून घेते, आर्थर आडवे येणाऱ्यांशी मारामारी करतो. एका पात्राची हालचाल पूर्ण झाली की काळ मागे नेला जातो, दुसऱ्या पात्राची हालचाल त्याच क्षणांवर नोंदवली जाते, आणि अखेरीस सगळ्यांच्या हालचाली एकाच वेळी, कोठेही न अडखळता घडून येतात. म्हणजे कोडे सोडवणे याचा अर्थ येथे अनेकांच्या कृती एका कालपट्टीवर बिनचूक बसवणे असा होतो.

या रचनेतील विचारात घेण्याजोगा भाग असा की, खेळात काळ खरोखर उलटत नाही. टोळीचा सूत्रधार टॉमी शेल्बी हा गुंतागुंतीचे बेत मनात रचण्यात तरबेज आहे, आणि काळाचे मागे-पुढे होणे हे त्याच्या मनातील या बेत रचण्याचेच दृश्य रूप आहे, अशी खेळाची भूमिका आहे. ही भूमिका मान्य केली की मूळ प्रश्नाचे स्वरूप बदलते. पुसली जाते ती घडलेली कृती नव्हे, कारण ती अजून घडलेलीच नाही. पुसली जाते ती बेतातील चूक. आणि मग विचारावा लागतो तो प्रश्न असा की, मनात पुन्हा पुन्हा सुधारून घेतलेला बेत हेच एक कर्म आहे काय?

त्याआधी भूतकाळाविषयी थोडे स्पष्ट करणे आवश्यक आहे. घडलेले कर्म संपून गेले असेल तर पुढे कित्येक वर्षांनी त्याचे फळ कशातून निर्माण होते, या अडचणीचे उत्तर निरनिराळ्या दर्शनांनी निरनिराळ्या प्रकारे दिले. सर्वास्तिवादी बौद्धांनी भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील धर्म, म्हणजे अस्तित्वाचे मूलभूत घटक, अस्तित्वातच असतात असे मानले, आणि भूतकाळ अस्तित्वात नसता तर कर्म फळाला आलेच नसते हे त्याचे एक कारण सांगितले. सौत्रांतिक बौद्धांनी हे नाकारून, कर्म चित्तप्रवाहात बीजरूपाने उरते असे म्हटले. मीमांसकांनी कर्म आणि फळ यांना जोडणारी ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती कल्पिली, तर वेदान्ताने साठलेले ते संचित, फळ देऊ लागलेले ते प्रारब्ध आणि आज केले जात असलेले ते क्रियमाण असे तीन भाग करून, प्रारब्ध हे सुटलेल्या बाणासारखे परत घेता येत नाही असे सांगितले. या मतांमध्ये टोकाचे विरोध असले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे: केलेले कर्म केलेलेच राहते, त्याच्या फळाचा विचार पुढच्या दिशेनेच करावा लागतो.

बेत हे कर्म आहे काय, या प्रश्नावर मात्र श्रमण परंपरांमध्येच वाद झालेला आहे. बुद्धाच्या शिकवणीत चेतना, म्हणजे मनाचा हेतुपूर्वक कल, हेच कर्म मानले आहे. मज्झिमनिकायातील उपालिसुत्तात निर्ग्रंथ, म्हणजे जैन, मताचे अनुयायी काया, वाचा आणि मन या तिघांपैकी कायेने केलेले कृत्य सर्वांत गंभीर मानतात, तर बुद्ध मनाच्या कृत्याला तो मान देतो, असा वाद रंगवला आहे. हे वर्णन बौद्धांनी केलेले असल्याने ते एकतर्फी आहे, आणि जैन ग्रंथ प्रत्यक्ष पाहिले असता हेतूचे विश्लेषण तेथे कितीतरी बारकाईने झालेले आढळते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेसारख्या कर्माच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: संकल्प करणे हा संरंभ, साधने जुळवणे हा समारंभ आणि प्रत्यक्ष कृतीला हात घालणे हा आरंभ. यातील प्रत्येक पायरी मन, वाणी किंवा शरीर यांनी; स्वतः करून, दुसऱ्याकडून करवून किंवा दुसऱ्याच्या कृतीला संमती देऊन; आणि क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांपैकी, म्हणजे मन मलिन करणाऱ्या विकारांपैकी, एखाद्याच्या प्रेरणेने घडू शकते, आणि या सर्वांचा गुणाकार 108 होतो. वेरूळच्या 34 लेण्यांत पहिली 12 बौद्ध आणि शेवटची पाच जैन असून, उपालिसुत्तातील वादाचे दोन्ही पक्ष तेथे एकाच डोंगराच्या कड्यात कोरलेले आहेत.

ही मोजणी शेल्बी टोळीला लावून पाहिली तर निष्कर्ष सरळ निघतो. टॉमीच्या मनात काळ जितक्या वेळा मागे जातो, तितक्या वेळा संरंभ आणि समारंभ यांची आवृत्ती होते. आणि कृती भावांकडून व बहिणीकडून करवून घेतली जात असल्याने ती ‘कारित’ या वर्गात मोडते, जिचा भार करवणाऱ्यावरही पडतो. प्रत्येक फेरीत एक चूक कमी होते, परंतु हेतूला धक्का लागत नाही. उलट, अडथळा आल्यावर थांबण्याची जी संधी प्रत्यक्ष आयुष्यात अपयशामुळे मिळते, ती येथे प्रत्येक वेळी नाकारली जाते, आणि त्यामुळे हेतू फेरीगणिक अधिक घट्ट होत जातो. कायद्याची दृष्टी येथे धर्मविचारापेक्षा सौम्य आहे. एकट्याच्या मनातील बेत भारतीय दंडविधानाने सहसा शिक्षेला पात्र मानलेला नाही. मात्र दोन किंवा अधिक जणांनी बेकायदा कृत्यासाठी संगनमत केले तर तो फौजदारी कट होतो, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. टॉमीचा बेत मनातून बाहेर पडून कुटुंबाच्या बैठकीत पोचला की तो या कायद्याच्याही कक्षेत येतो.

तडीस गेलेल्या बेताचे आणि त्यानंतर मावळणाऱ्या हेतूचे भारतीय कलेतील एक प्रभावी उदाहरण अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत रंगवलेल्या छद्दंत जातकात आहे. जातक म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीची कथा. गजराजाने हलवलेल्या शालवृक्षाची फुले एका राणीवर पडतात, तर दुसरीवर, म्हणजे चुल्लसुभद्देवर, वाळलेल्या काटक्या आणि मुंग्या पडतात. या व अशाच दुसऱ्या प्रसंगातील अपमानाचा सल घेऊन ती मरते, वाराणसीच्या राजाची राणी म्हणून जन्माला येते आणि सोनुत्तर नावाच्या पारध्याला त्या हत्तीचे सुळे आणण्यासाठी पाठवते. बेत बिनचूक तडीस जातो. विषारी बाणाने घायाळ झालेला हत्ती पारध्याच्या अंगावरील काषाय वस्त्र पाहून त्याला मारत नाही, उलट स्वतःच सुळे कापून देतो, आणि सुळे समोर येताच राणीचे हृदय विदीर्ण होते. अजिंठ्याच्या चित्रकारांनी अशा कथा अनेकदा घटनाक्रमाने न मांडता स्थळांनुसार मांडल्या, म्हणजे एका ठिकाणी घडलेले निरनिराळ्या वेळचे प्रसंग भिंतीवर एकत्र आणले. त्यामुळे पाहणाऱ्याची नजर अरण्यातून राजवाड्यात आणि तेथून पुन्हा अरण्यात फिरू शकते. नजरेला असे मागे फिरता येते. राणीला येत नाही. पश्चात्तापाच्या क्षणी तिचा हेतू मावळतो, पण तोपर्यंत कृती घडून गेलेली असते.

प्रायश्चित्ताचा विचार नेमका याच ठिकाणापासून सुरू होतो. धर्मशास्त्रकारांपुढील एक मोठा वाद असा होता की, जाणूनबुजून केलेले पाप प्रायश्चित्ताने नष्ट होते काय. याज्ञवल्क्यस्मृतीत नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते, तर जाणून केलेल्या पापाच्या बाबतीत कर्ता केवळ व्यवहार्य, म्हणजे समाजाने पुन्हा व्यवहार करण्यास योग्य, होतो असे प्रतिपादन आहे. कल्याणीच्या चालुक्य राजवटीत होऊन गेलेल्या विज्ञानेश्वराने आपल्या मिताक्षरा टीकेत याचे विवरण करताना पापाच्या दोन शक्ती मानल्या: एक नरकाला नेणारी आणि दुसरी समाजव्यवहार रोखणारी. पैठणशी निगडित असलेली शुद्धिपत्राची परंपरागत कथा या भेदाच्या प्रकाशात अधिक नीट उलगडते. संन्यास घेऊन गृहस्थाश्रमात परतलेल्या विठ्ठलपंतांनी आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यानंतरही निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई या त्यांच्या मुलांना पैठणच्या पंडितांकडे जावे लागले, ते पाप पुसून घेण्यासाठी नव्हे, कारण त्यांनी कोणतेच केले नव्हते. समाजव्यवहाराचे बंद झालेले दार उघडावे म्हणून ते गेले.

बौद्ध साहित्यातील अंगुलिमालाची कथा याची दुसरी बाजू दाखवते. अनेकांची हत्या केलेला हा दरोडेखोर भिक्षू होतो, अर्हत्पदाला पोचतो, आणि तरीही भिक्षेला गेला असता त्याला दगडांचे मार सोसावे लागतात. बुद्ध त्याला ते कर्मफळ म्हणून सहन करण्यास सांगतो. जैन परंपरेतही प्रायश्चित्ताच्या नऊ प्रकारांत दोषाची कबुली देणारी आलोचना आणि केलेल्या दोषापासून मनाने परत फिरणारे प्रतिक्रमण यांना आरंभीचे स्थान आहे. या सर्व विधींत कृती जशी घडली तशीच राहते आणि कर्त्याचा हेतू मात्र बदलतो. खेळातील काळ उलटवण्याच्या सोयीत नेमके उलट घडते: बेतातील कृती पुसली जाते आणि हेतू होता तसाच राहतो. दोन्ही ठिकाणी ‘मागे जाणे’ असले, तरी एकात कर्ता आपल्या कृत्याकडे परततो आणि दुसऱ्यात तो त्यापासून निसटतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की, पडद्यावरील बळी अस्तित्वातच नसल्याने खेळणाऱ्याच्या बाबतीत कर्माची भाषाच गैरलागू ठरते. जैन कथावाङ्मयात या आक्षेपाला कठोर उत्तर आहे. सोमदेवाने 959 मध्ये पूर्ण केलेल्या यशस्तिलकात आलेल्या यशोधर राजाच्या कथेत, राजा आईच्या आग्रहाखातर जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी देतो, आणि तरीही दोघांना अनेक पशुयोनींत जन्म घ्यावे लागतात. तथापि हे उदाहरण खेळणाऱ्याला जसेच्या तसे लावणे अन्यायाचे होईल. राजाने पिठाचा कोंबडा मारला तो खऱ्या बळीचे फळ मिळावे या इच्छेने, म्हणजे तेथे वस्तू कृत्रिम असली तरी हेतू खरा होता. खेळणाऱ्याचा हेतू कोडे सोडवण्याचा असतो, आणि पात्राच्या हेतूशी तो एकरूप झालाच पाहिजे असे नाही. जैन परिभाषेत सांगायचे तर प्रश्न ‘अनुमत’ या वर्गाचा, म्हणजे दुसऱ्याच्या कृत्याला मनाने दिलेल्या संमतीचा आहे, आणि ती संमती दिली की नाही हे खेळाच्या यंत्रणेवरून ठरत नाही.

खेळामधून कर्मविचार मांडण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. मराठी परंपरा ज्याचे श्रेय ज्ञानदेवांना देते, त्या मोक्षपटात सापाच्या तोंडी पडलेली सोंगटी खाली येते आणि पुढचे दान पडल्यावर तेथूनच वर चढू लागते. पडलेले दान परत घेण्याची सवलत त्यात नाही. फाशांच्या यदृच्छेमुळे तेथे हेतूला जागा उरत नाही, ही मोक्षपटाची मर्यादा. उलट ‘मास्टरमाइंड’मध्ये यदृच्छा नाहीशी होऊन केवळ हेतू उरतो, पण तो कधीच तपासला जात नाही, ही त्याची मर्यादा.

या विवेचनातून चूक आणि दोष यांतील भेद स्पष्ट होतो. जी गोष्ट पुन्हा करून पाहिल्याने काहीही मागे न ठेवता सुधारते, ती चूक होय, आणि तिचे क्षेत्र कौशल्य हे आहे. जी गोष्ट पुन्हा केल्याने सुधारत नाही, कारण ती कर्त्याच्या हेतूत रुजलेली असते, ती दोष होय, आणि तिचे क्षेत्र नीती हे आहे. काळ मागे नेण्याची शक्ती माणसाला मिळाली तरी तिच्यामुळे पहिलेच क्षेत्र सुधारेल. दुसऱ्यासाठी लागणारी आलोचना, कबुली आणि परिणाम सोसण्याची तयारी ही साधने पुढे जाणाऱ्या काळातच वापरता येतात, आणि म्हणून कर्मविचाराच्या दृष्टीने काळाचे न उलटणे हा माणसावरील अन्याय नसून त्याच्या नैतिक जीवनाची पूर्वअट आहे.