वगळण्याची नीती : 'पिंजरा' आणि रेषा

चित्रपटाचे भौमितिक रेखाचित्र वर्तुळ, चौकोन आणि कंस एवढ्यावर उभे असते. ते ओळखू येते याचे श्रेय रेषेच्या नेमकेपणाला दिले जाते. वस्तुतः ते पाहणाऱ्याच्या स्मृतीला द्यावयास हवे. ज्या चित्रपटाभोवती निष्ठावंतांचा पंथ जमतो त्याचेच असे संक्षेपण शक्य होते, कारण वगळलेला मजकूर पाहणाराच पुरवीत असतो. प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा उरत नाही तो येथेच : जे वगळले, ते ज्याचे होते त्याच्याशी रेषेचे नाते कोणते?

व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'साठी (१९७२) उभे गज, नऊवारीचा घोळ आणि फेट्याचा तुरा एवढ्या खुणा पुरतील. परंतु बाह्यरेषा हाच या चित्रपटाचा विषय आहे. तमासगिरिणीच्या मोहात सापडलेला मास्तर मेला असा गावाचा समज होतो; त्याची प्रतिमा पूज्य राहते आणि जिवंत माणूस स्वतःच्याच खुनाबद्दल फाशी स्वीकारतो. 'द ब्लू एंजल' (१९३०) या पूर्वसूरीत शिक्षकाबरोबर त्याची प्रतिष्ठाही लयाला जाते. येथे प्रतिष्ठा वाचते, माणूस जातो. नर्तकीच्या वाट्याला तर पूज्य प्रतिमाही येत नाही.

ही उणीव जुन्नर तालुक्यातील नारायणगावात अधिक बोचते. हंगामात येथे तमाशाच्या राहुट्या लागतात आणि जुन्नर-आंबेगावच्याच नव्हे, तर दूरदूरच्या गावांच्या यात्रांसाठी सुपाऱ्या ठरतात. भाऊ-बापू मांग यांच्या फडाचा वारसा चालविणाऱ्या विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) येथल्याच. फडावर असताना बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही कथा हमखास सांगितली जाते. गायन, अभिनय, फड चालविण्याचे कसब आणि उतारवयातील ओढग्रस्त मात्र त्या एका कथेमागे झाकली जाते. म्हणजे दोष केवळ भूमितीचा नव्हे. तपशिलाने ओथंबलेली कथाही माणसाला एका रेषेत कोंडू शकते.

मग वगळणे हेच अन्याय्य मानावे काय? जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यातील वर्तुळाकार चैत्यगृह याचे उत्तर देते. बारा खांबांच्या वर्तुळात स्तूप आहे. बुद्धाची मानवाकृती नाही. तेथेही भूमितीने देह वगळला आहे, पण ते वगळणे 'हा आकार आम्हांस पुरता आकळला' असा दावा करीत नाही. पाहणाऱ्याला ते प्रदक्षिणा घालावयास लावते. रेखाचित्राची ओळख पटताच मात्र पाहणे संपते.

भेद, तेव्हा, रेषांच्या संख्येत नसून रेषा मिटते की उघडी राहते यात आहे. 'पिंजरा'चे चिन्ह करून थांबणारी रेषा त्या गावाचीच चूक पुन्हा करते : प्रतिमेला हार आणि माणसाला फास. समीक्षेनेही संज्ञा आणि आकृतिबंध यांच्या रेषा ओढलेल्या असतात. म्हणून हा प्रश्न चित्रकाराइतकाच तिलाही लागू होतो.