खाल्ल्याने काय होतं?

हल्ली आमच्या घरी कुठलाही पदार्थ ताटात येण्याआधी त्याची शिफारसपत्रं येतात. पूर्वी भाजी यायची, आपण ती खायचो आणि फार तर "आज मीठ जरा चढलंय" एवढं बोलून पुन्हा वाढून घ्यायचो. आता जवस येतो तो ओमेगा-तीन घेऊन, नाचणी येते ती कॅल्शियम घेऊन, आणि मेथीसारखी जन्माची कडू भाजीसुद्धा रक्तातल्या साखरेचा हवाला देत ताटात रुबाबात बसते. या सगळ्यांवर कडी करणारा पाहुणा सध्या आमच्या फळांच्या टोपलीत मुक्कामाला आहे. त्याचं नाव अ‍ॅव्होकॅडो.

मुक्कामाला म्हणायचं कारण असं, की तो पिकायचं नाव काढत नाही. हे फळ झाडावर कधी पिकत नाही म्हणे. तोडल्यावर सवडीने मऊ व्हायला लागतं. सोमवारी दगड, मंगळवारी दगड, बुधवारी दगड. गुरुवारी आपण कुणाच्या तरी मुंजीला जातो आणि शुक्रवारी कापून बघावं तो आत काळं. मधली शुभ घटका पंचांगवाल्यांनी अजून काढलेली नाही. शेवटी हिने आंब्याची अढी घालावी तसं त्याला केळ्यांच्या सोबतीने कागदी पिशवीत कोंडलं, तेव्हा कुठे ते वठणीवर आलं. मग थालीपीठात घालून झालं, रस्सा भाजीत घालून झालं. फार वेळ तापवलं की हे फळ कडू होतं, ही माहिती शिफारसपत्रात नव्हती.

गुण विचाराल तर आहेत, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. १०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम चरबी, त्यातली दहाएक ग्रॅम ऑलिव्हच्या तेलात असते त्या जातीची. सात ग्रॅम चोथा. पोटॅशियम केळ्याहून जास्त आणि साखर जवळजवळ नाहीच. फळाने साखर टाकून चरबी बाळगावी हा तसा वर्णसंकरच. कर्नाटकात त्याला बटर फ्रूट म्हणतात, ते अगदी रास्त आहे.

आमचे शेजारी नाना हे या हिरव्या लोण्याचे निस्सीम भक्त. पांढरं लोणी त्यांनी आयुष्यभर चोरून खाल्लं. बायकोची पाठ वळली की पावाला एक बोट! आता तेच नाना सकाळी गॅलरीत बसून टोस्टला बोटभर जाडीचा हिरवा थर लावतात, आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू सत्यनारायणाला बसलेत.

तर माझा प्रश्न असा : लोणी खाणारा हावरट आणि हिरवं लोणी खाणारा संयमी, हे कसं काय? एकाला आज दोन घास जास्त हवेत, दुसऱ्याला पुढे दहा वर्षं जास्त हवीत. मागणी कुणाची मोठी? लाडवाचा लोभ निदान लोभ म्हणून ओळखता येतो. आयुष्याच्या लोभाला आपण पथ्य म्हणतो आणि वर त्याचं कौतुक करून घेतो.

हे नानांना ऐकवायचं मात्र माझ्या जिवावर येतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली होती. त्यांची नात पाच वर्षांची आहे आणि तिला शाळेच्या बसपर्यंत पोचवायचं काम आजोबांकडे आहे. अशा माणसाने दहा वर्षं जास्त मागितली तर त्याला लोभी कोण म्हणेल?

पण मग फळाने खरंच तेवढं द्यावं की नाही? २०२२ साली अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या एका नियतकालिकात दोन अभ्यास आले. एकात लाखाहून अधिक माणसांवर ३० वर्षं लक्ष ठेवलं होतं. आठवड्याला दोनदा हे फळ खाणाऱ्यांत हृदयविकार १६ टक्क्यांनी कमी निघाला. पण ही मंडळी एरवीही नीटनेटकी जेवणारी होती, तेव्हा श्रेय कुणाचं ते फळालाच ठाऊक. दुसऱ्यात सुटलेल्या पोटाच्या हजारभर माणसांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज एक फळ खायला लावलं. वाईट कोलेस्टेरॉल किंचित उतरलं. पोट ढिम्म.

ज्यांचं हे फळ, त्या मेक्सिकोवाल्यांनी ही चौकशी हजारो वर्षं केली नाही. अ‍ॅव्होकॅडो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ. काळ्या ज्वालामुखी दगडाच्या खलात रगडायचं की झालं ग्वाकामोले. आपला पाटाही सह्याद्रीच्या तसल्याच दगडाचा. मिरची आणि टोमॅटो तिकडचेच, आणि आपला घोलवडचा चिकूसुद्धा मूळचा त्यांचा गाववाला. चिकू आला, राहिला, मराठी झाला. त्याने काय होतं म्हणून कुणी विचारलं नाही. आमच्या आईला हे रगडलेलं चमचाभर दिलं आणि मी पोटॅशियमपासून सुरुवात केली. तिने हात वर केला. "अरे, ते राहू दे. लागतं कसं ते बघू दे आधी." मग चाखून म्हणाली, "मिरची कमी आहे."

बाजारात बहुतेक करून जी जात मिळते, ती कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या बागेतली. १९२६ साली त्याने बी लावलं. त्या रोपावर चांगल्या जातीचं कलम काही केल्या धरेना, तेव्हा झाड तोडायचंच ठरत होतं. पण पुढे फळ धरलं आणि त्याच्या पोरांना ते आवडलं! १९३५ मध्ये त्याने पेटंट घेतलं. मूळ झाड २००२ साली मेलं, पण जगभर त्याचीच कलमं आहेत. पोरांनी कोलेस्टेरॉल विचारलं असतं तर त्या झाडाचं सरपणच झालं असतं.

आता या फळाची मागणी एवढी वाढली आहे, की चिलीतल्या पेटोर्का भागात डोंगर उतारावर हिरव्यागार बागा आणि पायथ्याच्या वस्त्यांना टँकरचं पाणी, असं वर्षानुवर्षं चाललं. तिथे १९८१ च्या कायद्याने पाण्याचे हक्क विकता-घेता येतात. ज्याच्याकडे हक्क, त्याच्याकडे पंप. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असं कान्ट नावाचे जर्मन गृहस्थ बजावून गेले. फळाला वापरायला त्यांची हरकत नसावी, पण या फळामागे विहिरी आहेत आणि विहिरींवर कुणाच्या तरी घागरी. खाल्ल्याने काय होतं, या प्रश्नात आपण आपलंच पोट आणि आपलंच हृदय धरतो. तिकडे काय होतं, हे त्या चौकशीत येतच नाही.

हे मी एका सकाळी नानांना सांगितलं. त्यांनी टोपलीतलं फळ उलटंसुलटं करून चिकटवलेला कागद वाचला. "हे टांझानियाचं आहे," ते म्हणाले, सुटल्यासारखे. मग जरा वेळाने : "तिथे विहिरी कशा आहेत रे?"

"ठाऊक नाही, नाना."

"माझी बहीण सोलापूर जिल्ह्यात दिलेली. टँकर आला की हातातली भाकरी टाकून पळायची. चारी बाजूंना ऊस होता." नानांनी टोस्ट हातात तसाच धरला होता. "आम्ही इथे चहात दोन चमचे साखर घालतच होतो की."

आणि त्यांनी उरलेला टोस्ट खाल्ला. हिरवा थर काळा पडायला लागला होता.