पिवळी पिन आणि अपरिग्रह

एकवीस इंची जुना टीव्ही ठणठणीत चालतोय, कपाटात लग्नाच्या डीव्हीडी आहेत, रामानंद सागरांच्या ‘रामायण’चा संच आहे. बिघडलाय तो फक्त प्लेअर. आता प्लेअर घ्यायचा, की सगळंच बदलून भिंतभर पडदा आणायचा? दुकानात हा प्रश्न पैशांचा असतो. घरी आल्यावर तो गरज कुठे संपते आणि हाव कुठे सुरू होते, यावर येऊन ठेपतो.

या हद्दीचं जुनं नाव अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवणं. पतंजलींच्या पाच यमांत तो शेवटचा, जैनांच्या महाव्रतांतही पाचवा. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्रं लिहिली. अस्तेयाबद्दल, म्हणजे चोरी न करण्याबद्दल, त्यांचं म्हणणं फार कडक होतं: गरज नसलेली वस्तू घेणं हीसुद्धा चोरीच.

पण गरज ठरवायची कुणी? इथे खुद्द तबकडीच साक्ष देते. १९९६ साली जपानात डीव्हीडी आली, ती अशाच टीव्हींसाठी. आपल्याकडच्या पाल पद्धतीत तिच्या चित्रात ५७६ ओळी असतात आणि जुना टीव्हीही तेवढ्याच दाखवतो. चार पट मोठ्या पडद्यावर ओळी वाढत नाहीत, नुसत्या ताणल्या जातात. म्हणजे निदान या संचापुरता तरी नवा टीव्ही हा शुद्ध परिग्रह.

आता जोडणी. पिवळ्या पिनेत रंग आणि उजेड एकाच तारेतून जातात, म्हणून बारीक चौकड्यांच्या शर्टावर इंद्रधनुषी मुंग्या चालताना दिसतात. चार काड्यांच्या एस-व्हिडिओत दोन्ही वेगळे राहतात आणि चित्र निवळतं. हिरवी-निळी-लाल कंपोनंट जोडणी त्याहून सरस; मात्र प्लेअरमधलं ‘प्रोग्रेसिव्ह’ बंद ठेवावं, नाहीतर जुन्या टीव्हीवर चित्रच उमटत नाही. भोक असेल तर चांगली जोडणी जरूर वापरावी, त्यात हाव कसली? पण दहा फुटांवरून बघणाऱ्याला पिवळी पुरते.

फक्त एचडीएमआय असलेला प्लेअर घेतला, की साधूच्या लंगोटीची गोष्ट सुरू होते. लंगोटी कुरतडणाऱ्या उंदरांसाठी मांजर, मांजराच्या दुधासाठी गाय, तसा प्लेअरसाठी कन्व्हर्टर आणि कन्व्हर्टरसाठी वेगळा अडॅप्टर. त्यात कन्व्हर्टर उलट्या दिशेचा निघाला, तर पुन्हा दुकान. टीव्हीला नुसतं अँटेनाचं भोक असेल, तर आरएफ मॉड्युलेटर घ्यावा. त्याऐवजी जुन्या व्हीसीआरमधून तार फिरवली, तर कॉपी रोखण्यासाठी घातलेल्या मॅक्रोव्हिजनमुळे चित्र उजळतं, मंदावतं, पुन्हा उजळतं.

दुसरी बाजूही आहे. जुन्या नळीचा टीव्ही त्याच मापाच्या एलईडीपेक्षा बरीच जास्त वीज खातो. टीव्ही दिवसभर चालणाऱ्या घरात ‘जुनं तेच साधं’ हा युक्तिवाद लंगडा पडतो. माळ्यावर जपलेला बंद टीव्ही तर सरळसरळ परिग्रहच, आणि त्याच्या काचेत शिसं असल्यामुळे तो भंगारात फोडून टाकण्याची वस्तूही नव्हे; अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्यावा लागतो.

आठवड्यातून एखादा सिनेमा बघणाऱ्या घराला पिवळी-लाल-पांढरी भोकं असलेला साधा प्लेअर बास, वापरलेला मिळाला तर उत्तमच. निघण्यापूर्वी टीव्हीच्या पाठीचा फोटो काढून घ्या आणि काउंटरवर तोच आधी दाखवा.