डोळ्यांतला दोष

दिवाळीच्या फराळाचे ताट भरताना आमच्या घरी चकली-करंजीच्या शेजारी एक जिन्नस हटकून असतो, तो म्हणजे सुकेळी. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेला, मधाच्या रंगाचा हा आमच्या वसईचा मेवा. पाहुणे तो मिटक्या मारीत खातात आणि घरी न्यायला मागून घेतात. माझ्या घशाखाली मात्र त्याचा पहिला तुकडा सहजासहजी उतरत नाही. असे का होते हे सांगायचे तर मला एका केळेवालीची आणि एका नटीची अशा दोन गोष्टी सांगाव्या लागतील. त्या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. त्यांची गाठ पडली ती माझ्या मनात, आणि तीही फार उशिरा.

केळेवालीची गोष्ट १९६० च्या आसपासची. तेव्हा वसईच्या वाड्यांतून केळी, पाने, फुले आणि भाजी यांच्या टोपल्या घेऊन बायका पहाटेच्या गाडीने मुंबई गाठीत. ज्यांना तेवढे झेपत नसे त्या गावातल्या गावात दारोदार फिरत. आमच्याकडे येणारी मावशी अशांपैकीच. ती ओट्यावर टोपली उतरवी, पदराने तोंड पुशी आणि आईशी दोन पैशांसाठी अर्धा तास घासाघीस करी. सौदा संपला की माझ्या हातावर एक जादा केळे ठेवी. पण मी ते दूर जाऊन खात असे. मला तिची भीती वाटे. तिचा एक डोळा अर्धा मिटलेला होता, आणि ती बोलू लागली की तो आणखी बारीक होई. आम्ही मुलांनी तिचे नाव ठेवले होते ‘ललिता पवार’. तंबूतल्या सिनेमात सुनेला छळणारी सासू आम्ही पाहिली होती. असा डोळा असलेली बाई कशी असते, हे आम्हांला पक्के ठाऊक होते.

एका वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या एका पायातले चांदीचे पैंजण हरवले. घरात कोण कोण येऊन गेले, असे आईने विचारले. मी म्हटले, “ती आली होती ना, डोळेवाली.” मी तिला काही उचलताना पाहिले नव्हते. मी फक्त तिचा डोळा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी आई तिला एवढेच म्हणाली, “आजपासून टोपली फाटकापाशीच ठेवा.” ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून ती ओट्यावर कधी बसली नाही. तुळशीचे लग्न झाल्यावर पैंजण भाताच्या कणगीमागे सापडले. आईने ते माझ्या पायात घातले आणि म्हणाली, “कुठे बोलू नकोस.” मी बोलले नाही. पुढे अठ्ठावीस वर्षे बोलले नाही.

आता नटीची गोष्ट. ललिता पवार यांचा जन्म १९१६ चा, येवल्याचा. मूळ नाव अंबिका सगुण. रेशमी-सुती कापडाच्या व्यापाऱ्याची ही मुलगी मूकपटांच्या काळातच बालकलाकार म्हणून पडद्यावर आली. थोडी मोठी होताच ती नायिका झाली. तिने ‘कैलाश’सारख्या मूकपटाची निर्मितीही केली. १९३८ साली तिने ‘दुनिया क्या है’ हा बोलपट काढला, तो टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीवरून. त्या कादंबरीत एक प्रतिष्ठित गृहस्थ पंच म्हणून न्यायालयात बसतो, आणि आरोपीच्या पिंजऱ्यातल्या स्त्रीकडे पाहताना त्याला उमगते की हिच्या नाशाला आपणच कारण आहोत. ही कथा आपल्या बोलपटासाठी निवडणाऱ्या या देखण्या नायिकेपुढे केवढा मोठा रस्ता होता!

१९४२ साली ‘जंग-ए-आजादी’ या चित्रपटाचे चित्रण चालू होते. प्रसंगात भगवानदादांनी तिला थप्पड मारायची होती. ती जरा जोरात बसली. डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याला पक्षाघात झाला. मारणाऱ्याच्या मनात काही नव्हते. तो त्याचे काम करीत होता आणि ती तिचे. सुमारे तीन वर्षे उपचार चालले, पण डोळा पूर्ववत झाला नाही. नायिकेचा रस्ता तिथेच संपला.

दुसरी कोणी असती तर घरी बसली असती. हिने तोच डोळा कामाला लावला. प्रभातच्या ‘रामशास्त्री’त ती १९४४ साली आनंदीबाई झाली. तीच ती ‘ध’चा ‘मा’ केल्याचे जिच्या नावावर आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. आम्हां वसईकरांना तर ते घराणे जवळचे. राघोबादादांनी १७७५ च्या तहात वसई इंग्रजांना देऊ केली, आणि आनंदीबाईंच्याच मुलाने, दुसऱ्या बाजीरावाने, १८०२ साली वसईला बसून इंग्रजांशी तह केला. पुढे ‘दहेज’सारख्या चित्रपटांतून ती अशी खाष्ट सासू झाली की घरोघरच्या सासवांना ‘ललिता पवार’ हे विशेषण मिळाले. एखाद्या नटीचे नाव भाषेत शिवी म्हणून रुळावे, ही दाद म्हणायची की शिक्षा?

पण वाचकहो, एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. १९५५ च्या ‘श्री ४२०’ मध्ये याच बाईने रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई उभी केली. घरदार नसलेल्या एका पोराला ती पोटाशी धरते. १९५९ च्या ‘अनाडी’त ती झाली मिसेस डिसा, वरून खरखरीत आणि आतून लोण्यासारखी घरमालकीण. आमच्या पापडीच्या आळीत अशा दोन-तीन जणी सहज सापडल्या असत्या. त्या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही तिचा गौरव केला. ‘प्रोफेसर’मध्ये करड्या शिस्तीआड लपलेले एका प्रौढ स्त्रीचे एकटेपण तिने दाखवले, ‘आनंद’मध्ये रुग्णालयातली प्रेमळ मेट्रन दाखवली. आणि शेवटी दूरदर्शनवरच्या ‘रामायणा’तली मंथरा.

त्या मंथरेनेच मला जागे केले. १९८७ साली रविवारी सकाळी आमच्या खोलीत सारी चाळ जमत असे. मंथरा कैकेयीच्या कानाशी लागली तेव्हा माझा आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, “आई, ही वाईट आहे हे डोळ्यांवरूनच कळते.” सारे हसले. मला हसू आले नाही. माझ्याच तोंडचे वाक्य अठ्ठावीस वर्षांनी माझ्यासमोर येऊन बसले होते. मला त्या थपडेची हकिकत तेव्हा वाचून ठाऊक होती. मी मुलाला ती सांगू लागले आणि मध्येच थांबले. नटीचा डोळा कशाने गेला हे मला वर्षासकट माहीत होते. आमच्या दारी वर्षानुवर्षे येणाऱ्या बाईचा डोळा कशाने गेला हे मी कधी विचारलेसुद्धा नव्हते.

मला वाटते, आपल्या सवयीचे मर्म इथे आहे. कथाकाराला दुष्टपणा दाखवायचा असतो, पण मन काही दिसत नाही. मग तो मंथरेच्या पाठीला कुबड देतो आणि खलनायकाच्या गालावर व्रण काढतो. वाकडे शरीर म्हणजे वाकडे मन, असा हा सोपा हिशेब. आपल्याच परंपरेने तो खोटाही ठरवला आहे. आठ ठिकाणी वाकलेला अष्टावक्र जनकाच्या सभेत आला तेव्हा पंडित हसले. तो उलट म्हणाला की ही सभा ज्ञान्यांची नसून कातड्याची पारख करणाऱ्यांची आहे. आपण ही कथा मुलांना सांगतो, आणि दाराशी आलेल्या माणसाची पारख मात्र कातड्यावरूनच करतो.

कोणी म्हणेल, “नटीचा राग येणे हीच तर तिच्या कलेची पावती!” कबूल. थिएटरात येणारा राग तिने कष्टाने कमावलेला असतो, आणि दिवे लागले की तो तिथेच सोडून उठायचा असतो. आपण तो खिशात घालून घरी आणतो आणि ज्याचा काही संबंध नाही अशा माणसावर खर्च करतो, ही चूक आपली. शिवाय ललिताबाईंनी आपल्याला उत्तर देऊन ठेवले होते. गंगामाईचा डोळा आणि मंथरेचा डोळा एकच होता. एकाच डोळ्यातून माया दिसते आणि कपटही दिसते, तर मग डोळ्याला गुण नाही आणि दोषही नाही. माणूस कळतो तो त्याच्या करणीवरून. केळेवालीची करणी तर रोज माझ्या हातावर ठेवली जात होती. ते जादा केळे फाटकापाशी बसू लागल्यावरही बंद झाले नव्हते.

मुलाला शाळेत सोडून एके दिवशी मी तिचे घर शोधीत गेले. ती अंगणात खाटेवर बसली होती. मी ओळख दिली आणि म्हटले, “मावशी, ते पैंजण सापडले होते. घरातच होते.”

ती म्हणाली, “मला ठाऊक होते, बाय.”

“कसे?”

“तुझ्या आईने एकाएकी घासाघीस सोडली. मागेन तो भाव देऊ लागली. तेव्हाच समजले, वस्तू गवसली.” थोडा वेळ थांबून ती म्हणाली, “पैसे जास्त मिळाले, ते बरे झाले. पण ‘ओट्यावर बसा’ म्हणाली असती तर अधिक बरे वाटले असते.”

माझी आई तेव्हा हयात नव्हती, आणि तो ओटाही राहिला नव्हता. मला काही बोलता येईना. मग धीर करून मी तिला तो एकच प्रश्न विचारला, जो कितीतरी आधी विचारायला हवा होता. डोळ्याचे काय झाले, ते तिने सांगितले. ते मी इथे लिहीत नाही. ते तिचे आहे. निघताना तिने कागदात सुकेळी बांधून दिली.

पुढे ती गेली. १९९८ साली पुण्यात ललिता पवारही गेल्या. त्या वाडीच्या जागी आता इमारती आहेत, आणि महानगरपालिका झालेल्या आमच्या वसई-विरारमध्ये दारावर येणारी केळेवाली क्वचितच दिसते. यंदा सुकेळीचे ताट पुढे करताना नातीने विचारले, “आजी, तू पहिला तुकडा हातात धरून इतका वेळ काय बघत बसतेस?” मी तिला जवळ बसवले आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. पैंजणाचीही सांगितली.