आड आणि पोहरा

घोडेगावच्या बाजाराला कांदा भरून निघायचं, तर पहाटे जुन्या पिकअपचा सेल्फ नुसता टक् करून गप्प. ढकलून सुरू केली. बॅटरी घेऊन चारच महिने झालेले. परतताना दुकानदाराला भर गिऱ्हाइकांत म्हणालो, "शेठ, फसवलंत." तो काही बोलला नाही. वॉरंटीत दुसरी बसवून दिली.

तीही आठ दिवसांत बसली. मग वायरिंगवाल्यानं मीटर लावलं. इंजिन बंद असताना 11.9 व्होल्ट, चालू केल्यावर 11.7. "चालू गाडीला 14च्या घरात पायजे, अण्णा. डायनामो भरतच नाही." पट्टा ताठ होता, वायरी ठीक होत्या. डायनामो उघडला, तर आतले कार्बन पार झिजलेले. किल्ली फिरवली की बॅटरीचा लाल दिवा लागतो, तोही कैक दिवस लागत नव्हता. मी समजत होतो, दिवा नाही म्हणजे सगळं बरं. आडातच नव्हतं, आणि मी पोहऱ्याला धोपटत होतो.

कार्बन बदलायला फार पैसे लागले नाहीत. बॅटरीचे पैसेही देता येतील. पण मी बोललो ते ऐकून गेलेली माणसं कुठून गोळा करू? आरोप चारचौघांत केला आणि माफी एकट्यात मागितली, तर ती फिटते का? बायको म्हणाली, "आधी जा तर खरं."

गेलो. दुकानात कुणीच नव्हतं. शेठ म्हणाले, "बोला." म्हटलं, "थांबतो. गिऱ्हाईक येऊ द्या." आणि बाकड्यावर बसलो.