नाझरेथमधून काय चांगले निघणार?



मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपल्या नागपूरचा विषय निघतो. कोणी म्हणते, "उन्हाळ्यात ४५ अंश! माणसाने राहावे कसे?" कोणी नाग नदीच्या दुर्गंधीला कंटाळलेले असते. "शिकून पुण्याला जा," असे मुलांना आपणच सांगतो. तक्रार खोटी नाही. जिच्यावरून शहराला नाव मिळाले, त्या नदीचा आपण नाला केला आहे.

नाझरेथचेही नाव चांगले नव्हते. तिथून काही चांगले निघेल का, असे नथनेलने विचारले (योहान १:४६). फिलिपने वाद घातला नाही. त्याने त्याला येऊन पाहायला सांगितले. त्याच गावात प्रभू लहानाचा मोठा झाला, तिथेच त्याने सुतारकाम केले. संदेष्टा यिर्मयाने तर बाबिलोनमधील बंदिवानांना त्या परक्या शहरासाठीही प्रार्थना करायला सांगितले. त्याच्या भल्यातच त्यांचे भले होते (यिर्मया २९:७).

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी घराघरांत शिरले. पाण्याने कोणाचा धर्म विचारला नाही. नालीत टाकलेली प्लास्टिकची पिशवी पाण्याची वाट अडवते. ती टाकणारा हात कधी आपलाही असतो.

म्हणून शहराला नावे ठेवण्याआधी आपल्या दारासमोरची नाली स्वच्छ ठेवूया. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाण्याचा माठ भरूया. घरच्या रोझरीत एक 'नमो मारिया' नागपूरसाठी म्हणूया. मग कोणी विचारलेच, तर आपणही फिलिपप्रमाणे निःसंकोच म्हणू शकू, "या, पाहा!"

आमेन.